लटारूभाऊची रेक

“हे टायर हाय का बांगडी? बांगडीवर बसून माणूस कुठी जाईन?”

लटारूभाऊ हे माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या शिलाई मशीनपासून हातभर अंतरावर उकिडवे बसून, आपल्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाकडे बघत ते पुटपुटत होते, आणि चाक ऐकून घेत होतं. मी सीट कव्हरची शिवण धरून होते, म्हणून मान वर केली नाही. केली असती तर त्यांच्या पँटीचा फाटलेला गुडघा दिसला असता, आणि मग काहीतरी विचारावं लागलं असतं.

आमचं दुकान घुग्घुसच्या मेन रोडला लागून. पुढे माझे मिया, बाबूभाई, यांचं गॅरेज. आमचा मुलगा मोहसीन आता त्यात बरोबरीनं काम करतो. बाजूच्या टिनाच्या खोलीत मी गाड्यांच्या सीटा शिवते. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. इथे पांढरा कपडा वाळत घालणारी बाई एक तर गावात नवी असते, नाही तर हट्टी.

लटारूभाऊंनी आयुष्यभर खाणीत डंपर चालवला. साधा ट्रक नव्हे. ज्याचं चाक माणसाहून उंच असतं आणि ज्याच्यावर शिडीनं चढून बसावं लागतं, तो. लोक रिटायर झाल्यावर घरावर मजला चढवतात. लटारूभाऊंनी क्रूझर घेतली. लांब, काळी, बसकी, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायची गाडी. “इतके वर्षं खड्ड्यात गोल गोल फिरलो,” म्हणाले, “आता जरा रस्ता पाहू द्या.”

रस्ताही त्यांनी ठरवून ठेवला होता. त्यांची दिव्यानी एटापल्लीला नोकरीवर. चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली करत, सगळ्या जंगलातून, मागे बायकोला, कमळाबाईंना, बसवून पोरीच्या दारासमोर गाडी उभी करायची, आणि हॉर्न वाजवायचा. एवढीच इच्छा. एसटी जाते, असं दिव्यानी फोनवर दर वेळी सांगायची. “एसटीनं तं सगळेच जाते,” लटारूभाऊ म्हणायचे.

अडचण एकच होती. गाडी झोपत होती.

हा शब्द त्यांचा. पहिल्यांदा पेट्रोल पंपावर झालं तेव्हा ते आम्हाला म्हणाले, “उभी होती, न एकदम झोपली.” मग एकदा बाजारात झोपली, एकदा त्यांच्याच अंगणात. पुढेपुढे आम्हीही तसंच म्हणायला लागलो. गाडी झोपायची, आणि योगायोगानं लटारूभाऊ त्या वेळी तिच्यावर असायचे.

गेल्या थंडीत त्यांना कसलासा झटका येऊन गेला होता. नागपूरला नेलं, परत आणलं. बोलणं साफ, हात साफ, जेवण पहिल्यासारखं. डावा पाय तेवढा जरा मागून यायचा. कमळाबाईंनी त्याचं नाव ‘थकवा’ ठेवलं, आणि घरात, गल्लीत, आमच्या दुकानात तेच नाव चाललं.

मला ते सीटवरून समजलं. फाटलेलं कव्हर काढलं तर आतला स्पंज उजवीकडे चपाती झालेला आणि डावीकडे नवाकोरा. माणूस सगळं वजन एका बाजूला घेऊन बसत होता. डाव्या बुटाचं टोक घासून घासून पांढरं पडलेलं, तेही तिथेच दिसत होतं. गाडी थांबली की माणूस डावा पाय खाली टेकवतो. यांचा पाय टेकायला निघायचा, पण गाडी आधी पोचायची.

“तुमी त्यायले सांगत काऊन नाई?” मी बाबूभाईंना विचारलं.

“काय सांगू?”

“का टायरचं काई नाई म्हणून.”

ते पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिले. “सुरय्या, गिऱ्हाइकाले गाडीची खोट सांगता येते. गिऱ्हाइकाची नाई सांगता येत.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “दोस्ताले तं मुळीच नाई.”

मोहसीनचं म्हणणं, हे प्रफुलनं सांगावं. त्याचा बाप आहे. लटारूभाऊंचा प्रफुल सिमेंट फॅक्टरीत शिफ्टला असतो. तो पंक्चर काढायला आला तेव्हा मी विषय काढला. “काकू, बाबा माझं ऐकतात का कधी?” तो म्हणाला. “काकाचं ऐकतात. काकाले सांगाले लावा ना.” म्हणजे गोष्ट फिरून परत माझ्या मियांकडे. लग्नात आलेल्या भिंतीवरच्या घड्याळासारखं झालं होतं. ज्यानं त्यानं पुढच्याला दिलं, घरात कोणी लावलं नाही.

तेव्हा मग टायर रुंद झालं.

ते लिहायला सोपं आहे. करायला मागचं चाक धरणारा लोखंडी चिमटा कापून रुंद करावा लागला, चेन बाहेर सरकवावी लागली, मडगार्ड नवं ठोकावं लागलं. मग पुढचं टायर मागच्यापुढे उपाशी दिसायला लागलं, म्हणून तेही जाड केलं. सगळं जोडून गाडी उन्हात काढली तेव्हा ती तळ्यातून निघालेल्या म्हशीसारखी चमकत होती. शिफ्टला जाणारी पोरं गाड्या थांबवून फोटो काढायला लागली. दोघं-तिघं तर बाबूभाईंना म्हणाले, “चाचा, आमची बी लटारू मॉडेल करून द्या.” लटारूभाऊ खुर्ची टाकून बाजूला बसायचे आणि टायरविषयी माहिती द्यायचे.

आता जाड टायरचा एक स्वभाव असतो. ते सरळ उभं राहतं, पण कलायला तयार होत नाही. वळणावर गाडी थोडी कलली तरच वळते, आणि हिला तर कलायचंच नाही. त्यामुळे रेल्वे गेटजवळ, गेट उघडायची वाट बघणाऱ्या अख्ख्या घुग्घुससमोर, ती झोपली.

“मागची बाजू जमली,” संध्याकाळी दुकानात येऊन लटारूभाऊ म्हणाले. कोपरावर हळद लावलेली होती. “पुढची बराबर नाई.”

मोहसीन मोबाईलवर असल्या गाड्यांचे व्हिडिओ बघतो. तो म्हणाला, “काका, रेक कमी हाय.”

“रेक?”

घुग्घुसमध्ये रेक म्हणजे कोळशाची मालगाडी. रेक लागली, रेक भरली, रेक निघाली, यावर इथली अर्धी घरं चालतात. मोहसीननं समजावून सांगितलं, की मोटारसायकलमध्येही रेक असते. हँडलखाली जे दोन पाइप पुढच्या चाकापर्यंत जातात, ते जेवढे तिरपे, तेवढी रेक जास्त. चाक पुढे जातं, गाडी लांब होते.

लटारूभाऊंचा चेहरा खुलला. “मंग वाढव ना, लेका. आमच्या शिफ्टनं कधी रेक कमी नाई पाठवली.”

दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं माझ्या मियांना विचारलं, की लटारूभाऊंनी तुमच्याकडे रेक मागवली म्हणतात, ती लावणार कुठल्या सायडिंगला.

दुपारी जेवताना मी बाबूभाईंना म्हटलं, “रेक वाढवली तं पडणं कमी होते का?”

“वाढते.”

“मंग?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्यावरच समजावलं. पुढचं चाक लांब गेलं की गाडी सरळ रस्त्याला रुळावर असल्यासारखी जाते. पण हळू वळवायला गेलं की चाक आपोआप एका अंगाला लोळतं. तिथे पायात जोर पाहिजे. दोन्ही पायांत.

“हे तुमाले मालूम हाय, न तरी करून राह्यले?”

“मालूम हाय म्हणूनच. जड करून ठेवतो. एक-दोनदा वळवून पाहीन, कंटाळन. म्हणन, बाबूभाई, नाई जमत बावा, विकून टाक. आपल्याले काई बोलाच लागत नाई. गाडीच सांगन.”

मला ही युक्ती बरी वाटली. माझ्या मियांच्या पुष्कळ युक्त्या जेवताना बऱ्या वाटतात.

मग पुढचे पाइप धरणारी टी, म्हणजे हँडलखालचा तो लोखंडी जोड, चंद्रपूरच्या लेथवर नवीन करून आणली. चेसिसची मान कापली, पुढे कलती केली, वेल्डिंग मारली, घासली, परत मारली. बाबूभाईंनी वेल्डिंगमध्ये काही कसर ठेवली नाही, हे मात्र मी सांगेन. माणसाला गाडी सोडायला लावायची होती, पाडायचं नव्हतं. गाडी तयार झाली तेव्हा पुढचं चाक हँडलपासून इतकं लांब गेलं होतं, की दोघांचं भांडण आहे की काय असं वाटावं.

पहिल्या दिवशी मोहसीननं आणि बाबूभाईंनी ती ढकलून, वळवून, चंद्रपूरच्या रस्त्याला तोंड करून दिली. लटारूभाऊ बसले, स्टार्टर मारला आणि सरळ निघून गेले. बाबूभाई दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. मी शिवण उलटी घातली, उसवली, परत घातली.

दुपारपर्यंत माणूस परत. अंगभर कोळशाची धूळ, आणि त्या धुळीत दात तेवढे चमकत होते.

“बाबूभाई,” ते गाडीवरूनच म्हणाले, “रेल्वेवानी गेली. पडोलीपर्यंत हँडल हालवाचं कामच नाई.”

बाबूभाईंचा चेहरा मी बघितला. युक्ती करणाऱ्याला दुसऱ्याच्या आनंदाचं एवढं वाईट वाटलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

“पडोलीले वळवली कशी, काका?” मोहसीननं विचारलं.

“तिथी दोन पोट्टे होते. फोटो काढाले आले. म्हटलं, पह्यले गाडी वळवून द्या, मंग काढा.”

“अन थांबवाची कशी?”

“सायलीच्या धाब्याजवळ भिंत हाय ना, तिले टेकवतो.”

आणि तिथेच त्यांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी एटापल्ली. रस्ता मोठा, वळणं मोठी. मोठ्या वळणाचं काही भ्या नाही. लहान वळणाचं बघता येईल. कोणी ना कोणी भेटतंच.

“कमळाबाई?” मी विचारलं.

“ते मागं बसन ना. तिच्यासाठी सीट करा, भाभी. पाठीले टेकण लावून.”

कमळाबाई माप द्यायला आल्या. शांत बाई. नवऱ्याचा पाय, पोराची शिफ्ट, पोरीचं एटापल्ली, सगळं पदरात बांधून चालणारी. मी त्यांना सीटवर बसवलं, पाठीला टेप लावला.

“जरा खाली करता येईन का?” त्या म्हणाल्या.

“खाली कायले? आरामाची होईन ना उंच.”

“पाय टेकाले पाह्यजे.”

“तुमाले कायले टेकाचे? मागच्याले तं पाय ठेवाले दांडा राह्यते.”

त्यांनी रेक्झिनवरून हात फिरवला. “असू द्या. कामात पडते.”

मी सुई हातात घेऊन बसले. आता त्या पुढचं बोलतील असं वाटलं. त्यांनाही बहुतेक वाटलं, की आता मी बोलेन. मग त्या म्हणाल्या, की रंग काळाच ठेवा, धूळ दिसत नाही; आणि मी म्हणाले, की काळ्यावरच जास्त दिसते. मी सीट दोन बोटं खाली घेतली. टेकण मात्र असं केलं, की बसलेल्या माणसाला कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटावं. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी सगळे जमले. लटारूभाऊ इस्त्रीच्या शर्टात, वर जाकीट. कमळाबाईंच्या हातात पिशवी. चिवडा, लोणचं, दिव्यानीसाठी साडी. साडीखाली त्यांनी प्रफुलचे कॅनव्हासचे बूट घातले होते, नाड्या करकचून बांधलेल्या. त्या बुटांकडे सगळ्यांनी बघितलं. प्रफुल रात्रपाळी करून तसाच आला होता, भुवयांवर सिमेंट.

बाबूभाईंनी चेन बघितली. हवा बघितली. ऑइल बघितलं. परत चेन बघितली. मी चहा केला. मग म्हटलं, एक एक घोट अजून घ्या. प्रफुल म्हणाला, आलापल्लीच्या समोर रस्ता खराब आहे असं ऐकलं. मोहसीन म्हणाला, आभाळ आलंय. आभाळात काही नव्हतं.

“डंपरचा माणूस हाय मी,” लटारूभाऊ म्हणाले. “कच्च्या रस्त्याचं मले सांगून राह्यले.”

गाडी आमच्या अंगणात, दुकानाकडे तोंड करून उभी होती. रस्त्यावर काढायची म्हणजे अंगणातल्या अंगणात पुरती फिरवायला हवी होती. मोहसीन पुढे झाला.

“हात नको लावू,” लटारूभाऊ म्हणाले. “एटापल्लीले कोण वळवून देईन?”

ते बसले. कमळाबाई मागे बसल्या, पिशवी मांडीवर, दोन्ही बूट जमिनीवर. गाडी सुरू झाली. आवाज चांगला होता. माझ्या मियांच्या हातची गाडी आवाजाला कधी वाईट नसते. हळूहळू अर्धं वळण झालं. कमळाबाई बसल्या बसल्या दोन्ही पायांनी चालत होत्या. रस्त्याच्या कडेपर्यंत गाडी आली, लटारूभाऊंनी हँडल आणखी थोडं दाबलं, आणि पुढचं चाक एका अंगाला लोळलं. गाडी डावीकडे गेली. डावा पाय जागेवरच होता. कमळाबाईंचा बूट टेकला, घसरला, आणि दोघं गाडीसकट रस्त्यावर.

येणारा कोळशाचा ट्रक सुस्कारा टाकून थांबला. ट्रकचं पुढचं चाक कमळाबाईंच्या पिशवीजवळ. ड्रायव्हरनं शिवी दिली नाही, हॉर्न वाजवला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून तो नुसता खाली बघत बसला.

आम्ही धावलो. तिन्ही गडी पहिल्यांदा गाडीजवळ गेले. गाडी उचलली, स्टँडवर लावली, हँडल इकडेतिकडे फिरवून बघितलं. मी कमळाबाईंना बसतं केलं. त्यांची बाही कोपरापासून फाटली होती, आणि रक्तात कोळशाची भुकटी बसली होती.

“कोनसेट टाइट राह्यला,” बाबूभाई म्हणाले. हँडल ज्यावर फिरतं तो भाग. “माझीच गलती हाय. कालच ढिला कराले पाह्यजे होता.”

“मागची हवा जास्त झाली,” मोहसीन म्हणाला.

“इथी गिट्टी पडली हाय,” प्रफुल म्हणाला, आणि बुटानं रस्त्यावरचा एक खडा बाजूला सारला. एकच होता.

“रेक्झिन नवीन हाय,” मी म्हणाले. “सरकते.”

सगळ्यांची पाळी झाली. कमळाबाई कोपर पदरानं झाकत होत्या.

“नाई, मीच हालली,” त्या म्हणाल्या. “पिशवी पडून राह्यली होती. ते सावराले गेली, न हालली. यायचं काई नाई त्याच्यात. माझ्यानंच झालं.”

लटारूभाऊ अजून रस्त्यावरच बसलेले होते. उजवा पाय दुमडलेला, डावा कोणीतरी आणून ठेवल्यासारखा सरळ. त्यांनी हेल्मेट काढलं आणि मांडीवर धरलं. पदराखालून रक्त कमळाबाईंच्या मनगटापर्यंत आलं होतं. ते तिकडे बघत होते. प्रफुल त्यांना उठवायला वाकला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

“तू नाई हालली,” ते कमळाबाईंना म्हणाले.

मग त्यांनी बाबूभाईंकडे मान केली. शिफ्ट संपल्यावर पुढच्या माणसाला खाणीत रोज मशीनचा रिपोर्ट देत असतील, तशा आवाजात, घाई न करता, ते म्हणाले, “मशीन ओके हाय, बाबूभाई. ऑपरेटर ब्रेकडाऊन हाय. डावा पाय येत नाई.”